सी-डॅकचा डॅक: नोकरी सोडून कोडिंगकडे वळणाऱ्या इंजिनिअरने करावा का?

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा घाई असते. सी-डॅकचा पीजी-डॅक, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘डॅक’ म्हणतात तो सहा महिन्यांचा पदव्युत्तर कोर्स, मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलमधून सॉफ्टवेअरमध्ये येण्यासाठी आजही महाराष्ट्रातला सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती माहितीपत्रकात लिहिलेली नसते. सी भाषा, पॉइंटर, रिकर्शन आणि लिंक्ड लिस्टपर्यंतची तयारी घरून करून आलात तर फी वसूल होते. ‘तिथे गेल्यावर शिकवतीलच की’ या भरवशावर आलात तर पहिल्या महिन्यातच मागे पडता, आणि उरलेले पाच महिने नुसतं गाठण्यात जातात.

सी-डॅक ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था. १९८८ साली पुण्यात सुरू झाली, डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला, हे बहुतेकांना माहीत असतं. प्रशिक्षणाचं काम तिची ‘अ‍ॅक्ट्स’ ही शाखा १९९३ पासून बघते. सॅन फ्रान्सिस्कोचा डेव्ह बूटकॅम्प (बूटकॅम्प म्हणजे कोडिंग शिकवणारा झटपट कोर्स) २०१२ साली सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंदही पडला. अ‍ॅक्ट्सचे वर्ग त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत आणि अजून चालू आहेत. एवढ्या काळात कंपन्यांना या कोर्सची सवय झाली आहे. पुण्यातल्या एचआरला ‘डॅक म्हणजे काय’ हे समजावून सांगावं लागत नाही, आणि नवख्या उमेदवाराला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

कोण बसू शकतं, याबद्दल बराच गैरसमज आहे. कुठल्याही शाखेचा इंजिनिअर चालतो. प्रॉडक्शन, केमिकल, टेक्स्टाइल, काहीही. एमसीए, एम.एस्सी. कॉम्प्युटर, गणित किंवा फिजिक्समधली पदव्युत्तर पदवी, हेही चालतं. पण नुसतं बी.कॉम. किंवा बी.ए. असेल तर हे दार बंद आहे. नुसतं बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेल्यांनाही आधी एमसीए किंवा एम.एस्सी. करावं लागतं. क्लासवाले कधीकधी हे स्पष्ट सांगत नाहीत, सी-कॅट या प्रवेश परीक्षेच्या तयारीची फी मात्र घेऊन मोकळे होतात. पैसे भरायच्या आधी चालू बॅचचं पात्रता-पत्रक स्वतः उघडून वाचा, पदवीच्या किमान टक्क्यांची अट त्यातच असते.

सी-कॅट

प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून होतो. बॅचेस वर्षातून दोन: एक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सुरू होणारी, दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरची. डॅकसाठी ए आणि बी असे दोन विभाग द्यावे लागतात. प्रत्येकात ५० प्रश्न, वेळ एक तास, बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्याला १ वजा. ए विभागात इंग्रजी, गणिती अ‍ॅप्टिट्यूड, रीझनिंग. बी विभागात सी प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑब्जेक्ट ओरिएंटेड संकल्पना, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग अशी मांडणी.

एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. ए विभागात कुठल्याही शाखेचा इंजिनिअर कॉम्प्युटरवाल्याच्या बरोबरीने खेळू शकतो, त्यामुळे तिथे गुण सोडायचे नाहीत. रँक खाली ओढतो तो बी विभाग. आणि इथे निगेटिव्ह मार्किंगचं गणित नीट समजून घ्यायला हवं. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर एकदा ३ मिळणार आणि तीनदा १-१ जाणार, म्हणजे सरासरी शून्य. फायदा नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे असं कळलं, की उरलेल्या तिनांत अंदाज मारणं फायद्याचं ठरतं: प्रत्येक अंदाजाला सरासरी एक तृतीयांश गुण. दोन पर्याय बाद करता आले तर सरासरी एक गुण. म्हणून ‘शंका असेल तर सोडून द्या’ हा सल्ला इथे चुकीचा आहे. एकही पर्याय बाद होत नसेल तरच प्रश्न सोडा, तोही वेळ वाचावा म्हणून.

तयारीला नोकरी सांभाळून चार महिने धरा, रोज दोन तास. पहिले सहा-सात आठवडे फक्त सी. त्यातही अ‍ॅरे, पॉइंटर, पॉइंटरला पॉइंटर, स्ट्रक्चर, फंक्शनला पत्ता पाठवणं, रिकर्शन. ‘या प्रोग्रामचं आउटपुट काय’ छापाचे प्रश्न कागदावर सोडवायचे, कंपायलर उत्तर तपासायला. त्यानंतर डेटा स्ट्रक्चर: स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, बायनरी ट्रीचे ट्रॅव्हर्सल, सॉर्टिंगची टाइम कॉम्प्लेक्सिटी. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेस शेड्यूलिंग, पेज रिप्लेसमेंट, डेडलॉक यांची उदाहरणं हाताने करून बघितली की पुरे. नेटवर्किंगमध्ये ओएसआय आणि सबनेटिंग. क्रम उलटा करू नका. बरेच जण पाठांतराचं सोपं म्हणून नेटवर्किंगपासून सुरुवात करतात, सी शेवटाला ठेवतात, आणि रँक बरा आला तरी कोर्समध्ये अडकतात, कारण कोर्सला लागतं ते सी आणि डेटा स्ट्रक्चर.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे सी, सी प्लस प्लस आणि जावाचे व्हिडिओ जरूर बघावेत. मराठीतून आहेत, मोफत आहेत, छोटे आहेत, आणि बघता बघता स्वतः टाइप करत जायचं अशी त्यांची रचनाच आहे. संकल्पना मायबोलीतून एकदा पक्की झाली की पुढे इंग्रजी पुस्तक जड जात नाही. जावासाठी एनपीटीईएलवर आयआयटी खडगपूरचा मोफत कोर्सही आहे.

केंद्र कुठलं

रँक लागल्यावर ऑनलाइन काउन्सेलिंग होतं. तुम्ही केंद्र आणि कोर्स यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरता. पुण्यात पाषाणला पंचवटीत सी-डॅकची स्वतःची अ‍ॅक्ट्स, हिंजवडी आणि कराडला सनबीम, आकुर्डीला आयएसीएसडी. मुंबईत वांद्र्याचं एमईटी, जुहूचं विद्यानिधी (विटा). शिवाय बंगळुरू, हैदराबाद, नोएडा अशी राज्याबाहेरची केंद्रं आहेतच. वरच्या रँकवाल्यांची गर्दी बहुधा अ‍ॅक्ट्स आणि हिंजवडीच्या सनबीमकडे असते.

अभ्यासक्रम आणि शेवटची थिअरी परीक्षा सगळीकडे एकच. फरक पडतो तो लॅबमध्ये रात्री किती वेळ बसू देतात, लॅब घेणारी माणसं प्रश्नाला उत्तर देतात की तयार कोड पाठवून देतात, आणि शिकवणारा स्वतः बोर्डावर कोड लिहितो की स्लाइड वाचतो, यात. हे वेबसाइटवर कळत नाही. त्या केंद्राच्या मागच्या बॅचच्या दोन-तीन मुलांना लिंक्डइनवर गाठा आणि नेमकं विचारा: जावाचं मॉड्यूल कुणी घेतलं, लॅब किती वाजता बंद होते, बॅचमधल्या किती जणांना कोर्स संपल्यावर तीन महिन्यांत नोकरी लागली. ‘केंद्र कसं आहे?’ एवढंच विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येईल.

आमचं मत: गाव सोडून पुण्यात राहण्याचा खर्च झेपत नसेल तर सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या मुलांनी कराडला कमी लेखू नये. पैशाची टांगती तलवार नसलेला विद्यार्थी लॅबमध्ये जास्त वेळ बसतो.

फॉर्म भरताना एक चूक फार महागात पडते. जिथे जायचंच नाही अशी केंद्रं ‘असू दे’ म्हणून यादीत टाकायची. सीट लागली की पहिला हप्ता भरावा लागतो, तेव्हाच पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी विचार होतो. न भरल्यास प्रक्रियेतून बाहेर. आणि हा हप्ता परत मिळणार नाही असं धरूनच भरायचा असतो.

पैसा किती लागतो

गेल्या काही वर्षांतली डॅकची फी ₹९०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹१,०६,२००. पहिला हप्ता ₹१०,००० अधिक जीएसटी, ₹११,८००. बाकी कोर्स सुरू होण्याआधी. नव्या बॅचचा आकडा तपासून घ्या. यात राहणं-जेवण नाही. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळची मेस मिळून महिन्याला दहा ते पंधरा हजार धरा.

खरी चूक होते ती महिने मोजण्यात. लोक सहाच महिन्यांचा हिशेब करतात. कोर्स संपल्यावर नोकरीचं पत्र आणि पहिला पगार हातात येईपर्यंत आणखी तीन महिने सहज जातात, कधी जास्तही. म्हणजे नऊ महिने गुणिले बारा हजार, एक लाख आठ हजार. फी मिळवून सव्वादोन लाखांच्या आसपास. घराचा हप्ता किंवा घरी पाठवायचे पैसे असतील तर ते वेगळे. लॅपटॉप नसेल तर तोही. लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि एसएसडी यांवर तडजोड नको, बाकी सगळ्यांवर चालेल. जावाचा एडिटर, डेटाबेस, ब्राउझर आणि पुढे डॉकर असं एकाच वेळी चालवावं लागतं. ८ जीबीचं मशीन गुदमरतं आणि लॅबमधला निम्मा वेळ वाट बघण्यात जातो.

कोर्स आतून

एकूण २४ आठवडे, ९०० तास. भागाकार केला तर आठवड्याला साडेसदतीस तास होतात आणि ते झेपण्यासारखे वाटतात. पण हे फक्त वर्ग आणि लॅबचे तास. त्यावर रोज तीन-चार तास स्वतःचे घातले तरच दुसऱ्या दिवशीचं कळतं. म्हणून नोकरी करत डॅक हा विचार डोक्यातून काढून टाका.

मॉड्यूल साधारण अशी येतात: प्रोग्रामिंगच्या संकल्पना आणि ऑपरेटिंग सिस्टीम, जावा, जावातून अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, वेब प्रोग्रामिंग, मग वेबसाठीचं जावा, म्हणजे सर्व्हलेट, हायबरनेट, स्प्रिंग, पुढे डॉट नेट, सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटच्या पद्धती, अ‍ॅप्टिट्यूड आणि संभाषण, शेवटी प्रोजेक्ट. प्रत्येक मॉड्यूलला थिअरी, लॅब आणि अंतर्गत मूल्यमापन यांचा ४०-४०-२० असा वाटा, आणि पास होण्यासाठी प्रत्येकात ४० टक्के. थिअरी परीक्षा बहुपर्यायी असते.

यादी बघून ‘केवढं सगळं शिकवतात!’ असं वाटतं. आमच्या मते हाच या कोर्सचा मोठा दोष आहे. डॉट नेटला जेवढे दिवस मिळतात तेवढ्यांत सी-शार्पची तोंडओळख होते, काम करण्याइतकं येत नाही. ते दिवस स्प्रिंग आणि टेस्टिंगला दिले तर विद्यार्थ्याचं जास्त भलं होईल. तुमच्या हातात एवढंच आहे, की सगळ्या मॉड्यूलना सारखं वजन द्यायचं नाही. जावा, डेटा स्ट्रक्चर आणि डेटाबेस ही तीन छातीठोकपणे यायला हवीत. मुलाखतीत नवख्याला जे विचारतात त्याचा मोठा भाग या तिघांतून येतो. डॉट नेटमध्ये पास व्हा आणि पुढे चला.

मागे पडणं कसं सुरू होतं, ते एका लॅबवरून दाखवता येईल. जावात कलेक्शन शिकवताना हमखास दिला जाणारा प्रकार: विद्यार्थी नावाचा क्लास, त्यात रोल नंबर आणि नाव. दोन विद्यार्थ्यांचा रोल नंबर सारखा असेल तर ते एकच समजायचे. मुलं ‘इक्वल्स’ मेथड लिहितात, तिच्यात रोल नंबरची तुलना करतात, आणि त्याच रोल नंबरचे दोन ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संग्रहात) टाकतात. सेटमध्ये एकच राहायला हवा. साइज छापून बघितली तर २ येते. इक्वल्स तर बरोबर आहे! तिच्यात प्रिंट टाकून बघितलं तर कळतं की तिला कुणी हाकच मारलेली नाही. कारण हॅशसेट आधी हॅशकोड, म्हणजे ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा, विचारतो, त्यावरून खण ठरवतो, आणि हॅशकोड जुळला तरच इक्वल्सपर्यंत जातो. हॅशकोड आपण लिहिलाच नाही, त्यामुळे जावाने दोन्ही ऑब्जेक्टना आपापला वेगळा हॅशकोड दिला. हॅशकोड रोल नंबरवरून काढला की साइज १ येते.

हे उत्तर गटावर कुणीतरी दहा मिनिटांत टाकतं, किंवा एआयला विचारलं तर दहा सेकंदांत मिळतं. ज्याने ते उचलून चिकटवलं त्याची लॅब पूर्ण झाली. ज्याने इक्वल्समध्ये प्रिंट टाकून ‘ही चालतच नाहीये’ हे स्वतः बघितलं, त्याला हॅशिंग कळलं. पुढे डेटा स्ट्रक्चरच्या मॉड्यूलमध्ये हॅश टेबल येतं तेव्हा दुसऱ्याला ते ओळखीचं वाटतं, पहिल्याला नवीन. पुढे हायबरनेटमध्ये एंटिटी सेटमध्ये ठेवायची वेळ येते तेव्हा पहिला पुन्हा अडतो आणि पुन्हा उचलतो. मुलाखतीत ‘इक्वल्स लिहिली आणि हॅशकोड नाही लिहिला तर काय होईल?’ हा प्रश्न इतका नेहमीचा आहे, की त्यावर अडखळणारा उमेदवार पुढच्या फेरीत जाणं कठीण. डॅकमध्ये नापास होणारे कमी असतात. पास होऊनही नोकरी न लागणारे बरेचदा या लॅबमध्ये तयार होतात. म्हणून एआय वापरायचंच असेल तर चूक सापडल्यानंतर, समजलेलं तपासून घ्यायला वापरा. आधी निदान अर्धा तास डीबगरमध्ये घालवा. पहिल्याच आठवड्यात डीबगर शिकून घ्या, ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पुढे जाणं. सांगायला गोष्ट लहान आहे, पण त्यावर सहा महिन्यांचा फरक पडतो.

दुसरी घसरण वेबच्या जावाला होते. जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी थेट बोलायची पद्धत) कंटाळवाणं म्हणून घाईत उरकतात आणि स्प्रिंगच्या अ‍ॅनोटेशन पाठ करतात. मग ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिलं की काय होतं, असं विचारलं तर उत्तर नसतं. जेडीबीसीमध्ये ऑटोकमिट बंद करून, दोन अपडेट चालवून, मध्येच मुद्दाम एरर आणून, रोलबॅक (झालेले बदल मागे घेणं) एकदा हाताने करून बघा. एका संध्याकाळचं काम आहे.

प्रोजेक्टचं काय करायचं

चार-पाच जणांचा गट, शेवटचे काही आठवडे. विषय बहुतेक ठरलेले: ऑनलाइन खरेदी, हॉस्पिटल, तिकीट बुकिंग. विषय जुना असला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते एकट्याने सगळं लिहिण्याने आणि बाकीच्यांनी नुसते स्क्रीनशॉट जोडण्याने. मुलाखतकाराला हे दोन प्रश्नांत कळतं.

तिकीट बुकिंग घेतलंत तर एकच भाग खोलात करा: एकाच सीटवर एकाच क्षणी दोघांनी बोट ठेवलं तर? नेहमीचा कोड आधी ‘सीट रिकामी आहे का’ बघतो आणि मग नोंद करतो. या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसरा माणूसही ‘रिकामी आहे’ हेच वाचतो, आणि दोघांना तिकीट जातं. मेथडला ‘सिंक्रोनाइज्ड’ (एका वेळी एकालाच आत सोडा) लावून एका मशीनवर हे थांबतं, पण अ‍ॅप दोन सर्व्हरवर चालत असेल तर नाही. साधा आणि पक्का उपाय डेटाबेसमध्ये आहे: शोचा आयडी आणि सीट नंबर या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ न देणारा नियम. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. तुम्ही तो एरर पकडून ‘सीट नुकतीच गेली’ असं दाखवायचं. हे करून, दोन ब्राउझरमधून तपासून, तीन मिनिटांत इंग्रजीतून सांगता येईल अशी तयारी ठेवा. मोठ्याने, आरशासमोर नाहीतर रूममेटसमोर. वीस स्क्रीनच्या अर्धवट प्रोजेक्टपेक्षा या तीन मिनिटांचा जास्त उपयोग होतो.

गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून प्रत्येकाने स्वतःच्या नावाने कमिट करावं, म्हणजे आपले बदल नोंदवावेत. शेवटच्या रात्री पेनड्राइव्हने कोड एकत्र करणाऱ्या गटाचं प्रोजेक्ट सादरीकरणाच्या सकाळी चालत नाही, हे दर बॅचला होतं.

नोकरी

केंद्रांसाठी सामायिक कॅम्पस प्लेसमेंट असतं आणि डॅकची फी द्यायचं हेच मुख्य कारण आहे. मात्र त्याचे खाचखळगे माहीत हवेत. प्लेसमेंट प्रोजेक्टच्या दिवसांतच सुरू होतं, त्यामुळे दोन्हीकडे ओढाताण होते. पहिली चाळणी बहुतेकदा अ‍ॅप्टिट्यूडची असते. सी-कॅट झाल्यावर सोडून दिलेलं गणित पुन्हा लागतं. रोज पंधरा मिनिटं ते चालू ठेवा. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी, पदवी तिन्हींत ६० टक्के मागतात, काही पदवीचं वर्ष आणि शिक्षणातला गॅप बघतात. तुमचे टक्के कमी असतील किंवा पदवीला पाच-सहा वर्षं झाली असतील, तर कॅम्पसमधल्या काही कंपन्यांत बसताच येणार नाही. अशांनी केंद्रावर विसंबून न राहता तिसऱ्या महिन्यापासून स्वतः बाहेर अर्ज करायला हवेत. आयटीत नवख्यांची भरती २०२३ पासून मंदावली, हेही डोळ्यांसमोर असू द्या.

आणि पगार. मेकॅनिकलमधला चार वर्षांचा अनुभव कॅम्पसमध्ये शून्य धरला जातो, तुम्ही फ्रेशर. हे मनाला लागतं, घरच्यांना तर समजावणं कठीण जातं. पण तो अनुभव वाया जात नाही, तो कुठे दाखवायचा हे कळायला हवं. पुण्यात पीटीसी, सीमेन्स, दासॉ यांची सॉफ्टवेअर केंद्रं आहेत, कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लहान कंपन्या तर भोसरी-चाकणच्या आधाराने कितीतरी उभ्या आहेत. बीओएम (बिल ऑफ मटेरिअल) म्हणजे काय, ड्रॉइंगचं रिव्हिजन का बदलतं, शॉप फ्लोअरवर मशीन थांबलं की नोंद कुठे होते, हे माहीत असलेला जावा डेव्हलपर त्यांना सहज मिळत नाही. रेझ्युमेमध्ये जुनी नोकरी शेवटच्या ओळीत लपवू नका.

खासगी बूटकॅम्पशी तुलना नेहमी विचारली जाते. तिथे प्रवेश सोपा, पदवीची अट सहसा नाही, ऑनलाइन सोय, शिकवणं काही ठिकाणी डॅकपेक्षा ताजं. बी.कॉम., बी.ए. वाल्यांसाठी तोच पर्याय उरतो, नाहीतर फ्रीकोडकॅम्प, ओडिन प्रोजेक्ट, हार्वर्डचा सीएस५० असे मोफत अभ्यासक्रम, ज्यांची गुणवत्ता खरोखर उत्तम आहे. फक्त वर्गाचा धाक नसतो. खासगीत सावध राहायचं ते दोन ठिकाणी. ‘नोकरी लागल्यावर फी’ असा करार असेल तर किती पगारापासून, किती महिने, जास्तीत जास्त किती रक्कम, आणि आयटीबाहेरची नोकरी लागली तरी कापणार का, हे लेखी वाचा. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात तेव्हा बहुधा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर काढलेलं असतं; कोर्स मध्येच सोडलात तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला तर सिबिल खराब होतो. प्लेसमेंटच्या टक्क्यांवर तर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत लॅम्बडा स्कूल म्हणून नावाजलेल्या, पुढे ब्लूमटेक झालेल्या संस्थेवर तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. फीचा करार हे कर्जच आहे ही गोष्ट लपवणं आणि नोकरीचे आकडे फुगवणं, हे तिचे मुख्य आक्षेप होते.

आता नोकरीत असलेल्यांसाठी सगळ्यात अडचणीची गोष्ट: नोटीस पिरियड. सी-कॅट ते वर्ग सुरू होणं यात फार तर दीड-दोन महिने असतात. त्यातच निकाल, काउन्सेलिंगच्या फेऱ्या आणि दोन्ही हप्ते. तुमचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर सीट लागल्यावर राजीनामा देऊन वेळेत सुटता येणार नाही. परीक्षेच्या आधी राजीनामा देणं धोक्याचं. मधला मार्ग असा: करारातलं ‘बाय-आउट’चं, म्हणजे नोटीसचे दिवस पैसे भरून सोडवण्याचं, कलम आजच काढून वाचा, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का ते एचआरला विचारा, आणि बाय-आउटची रक्कम वरच्या सव्वादोन लाखांत मिळवा. रँक लागला, पहिल्या फेरीत सीट दिसली, पहिला हप्ता भरला, की त्याच दिवशी राजीनामा. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. वर्षभराने नव्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत हेच कागद मागतात, आणि तेव्हा जुन्या कंपनीच्या एचआरला फोन करत बसणं फार जिवावर येतं.